पांढरी बोटं

२ मे १९४८, मेरिडियन

वर्निस म्हणाली, "लॉन, तुझ्या मनातली जळमटं मला पत्रातून पाठवू नकोस. कोण काय बोललं, कोणी कसं बघितलं, वाचून वाचून माझं डोकं उठतं. वहीत लिहीत जा." आणि खरोखरच वही आणून हातात ठेवली. बायकोला नवऱ्याची पत्रं नकोत, याचा अर्थ काय घ्यायचा? पहिल्याच पानावर नोंदवून ठेवतो.

उद्या सकाळी बस सुटेल ती सप्टेंबरात घरी. मी, अलोन्झो प्रुइट, मेरिडियन ब्लू कॅप्स या बेसबॉल संघाचा पिचर. चेंडू फेकायला लागल्याला हे एकोणिसावं वर्ष. घरच्या बायबलात आईने लिहिलेली तारीख धरली तर वय एकेचाळीस, बाकी जगासाठी चौतीस. एकोणीस वर्षांत गोऱ्यांनी आम्हाला त्यांचं मैदान भाड्याने दिलं ते त्यांचा संघ बाहेरगावी असेल तेव्हाच, आणि तेही अंघोळीच्या खोलीला कुलूप घालून. गेल्या वर्षी त्यांच्या मोठ्या लीगमध्ये आपला एक काळा माणूस शिरला. दार किलकिलं झालं. आता तिकडची माणसं आमचे सामने बघत हिंडतात. मला त्या लीगमध्ये एक हंगाम हवा आहे. महिना मिळाला तरी चालेल. त्यांच्या सगळ्यात भारी बॅटवाल्याला एकदा तीन चेंडूंत परत पाठवायचं, मग मेलो तरी हरकत नाही.

पण हे होऊ नये असं वाटणारेही असणारच, आणि ते बाहेरचेच असतील असं नाही. डोळे उघडे ठेवायला हवेत.

९ मे, जॅक्सन

हरलो. मार खाऊन हरलो. मी काय टाकणार ते त्यांना आधीच कळत होतं. वळता चेंडू टाकला की पोरं दबा धरून बसल्यासारखी थांबत आणि मग सटकन मारत. माझा वळता चेंडू इतका सहज आजवर कोणी मारलेला नाही.

आणि आज एक गोष्ट पाहिली. आमचा कॅचर होझिया टिब्स सामन्याआधी रेषा आखणाऱ्याच्या चुन्याच्या डब्यात उजव्या हाताची बोटं बुडवत होता. नऊ वर्षं हा माझे चेंडू झेलतोय. अठराचा असताना आला, मीच त्याला शिकवला. असलं काही त्याने कधी केलं नाही. मी विचारलं, "हे काय?"

"घाम येतो रे. चुन्याने बोटं कोरडी राहतात."

"एप्रिलपर्यंत घाम येत नव्हता?"

"म्हाताऱ्या, तू चेंडू टाक. बोटांचं मी बघतो."

हसला वर. मला हसण्यावारी नेलं की मला लगेच कळतं.

आता विचार करा. कॅचर मांड्यांच्या मध्ये बोटं दाखवतो: एक म्हणजे सरळ आणि जोरात, दोन म्हणजे वळता, तीन म्हणजे संथ. मी मान हलवायची आणि टाकायचं. ती बोटं फक्त मला दिसावीत म्हणून तर मांड्यांचा आडोसा. पण त्यांचा धावणारा दुसऱ्या तळावर, म्हणजे सेकंड बेसवर, पोचला की तो माझ्या पाठीमागे उभा असतो, आणि मला दिसतं ते सगळं त्याला दिसतं. काळ्या हाताची बोटं लांबून कळायला अवघड. चुना फासलेली बोटं मात्र आंधळ्यालाही दिसतील.

मलाच चुना लावतोय की काय हा?

१३ मे, बसमध्ये

होझिया आज माझ्या शेजारी बसला नाही. मागे ड्यूइटजवळ बसला. ड्यूइट म्हणजे होझियाच्या बायकोचा भाऊ, वय बावीस, याच वर्षी संघात आला. पिचर. हे लिहून ठेवतो आणि खाली दोन रेघा मारतो.

वळून पाहिलं तर होझिया त्याला माझ्या वळत्या चेंडूची पकड दाखवत होता. मेव्हण्याचं भलं व्हावं असं कुणाला वाटत नाही? पण माझ्या पकडीवर?

जेवण डब्यातले सार्डिन मासे आणि बिस्किटं. कॅप बॅस्कम, म्हणजे आमचा मालक, मॅनेजर आणि सध्या ड्रायव्हरही, म्हणाला की या रस्त्यावर खानावळीच्या मागच्या खिडकीतूनसुद्धा कोणी आपल्याला जेवण देत नाही.

२१ मे, ग्रीनवुड

वर्निसचं पत्र आलं. अक्षर इतकं बारीक काढलंय की वाचता वाचता कपाळ दुखलं. पूर्वी ढबोळं अक्षर असायचं तिचं. कागद वाचवतेय, की मी नीट वाचू नये असंच काही आत लिहिलंय? दोनदा उन्हात धरलं. शेवटी बूकरकडून वाचून घेतलं. बूकर आमचा दुसरा कॅचर, होझिया थकला तरच खेळतो. गरीब स्वभावाचा. तो म्हणाला, "काय लॉन, चांगलं टपोरं तर लिहिलंय!" पत्रात काही नव्हतं. कोंबड्या आणि चर्चची वर्गणी.

आम्ही खोल्या भाड्याने देणाऱ्या मिस ओलेथाकडे उतरलोय, दर वर्षीप्रमाणे. तिच्या ओट्याची पायरी तिने बदलून घेतलेली दिसते. संध्याकाळी चढताना मी तोंडावर आपटलो. ती म्हणते, "बाबा, ती पायरी माझ्या वडिलांनी घातली, तेव्हापासून हललेली नाही." म्हातारीला आठवत नसेल.

३० मे, हेलेना

आज जिंकलो, पण त्याचं काही वाटेनासं झालंय.

सराव चालू असताना कुंपणाशी एक गोरा उभा होता. गवती हॅट, वही, गळ्यात दुर्बीण. असली माणसं ओळखू येतात. आणि त्याच्याशी बोलत कोण होतं? होझिया. टोपी काढून, मान खाली घालून. मध्ये एकदा दोघांनी माझ्याकडे बघितलं. होझियाने दोन बोटं वर केली आणि मग माझ्याकडे हात दाखवला. मी आठ-दहा पावलांवर होतो, शब्द ऐकू आले नाहीत, पण एवढं मला स्पष्ट कळलं.

परत आल्यावर विचारलं, "कोण होता तो?"

"रस्ता विचारत होता."

"वहीत रस्ता लिहून घेत होता?"

"लॉन, सामन्याआधी नको ना डोकं खाऊस. नक्की काही ठरलं की तुलाच आधी सांगेन."

ठरलं की! म्हणजे काहीतरी ठरतंय. माझ्या आईने मला खोटं कसं ओळखायचं ते शिकवलंय. खोटं बोलणारा माणूस हात कुठे ठेवावा या विचारात असतो. होझियाने दोन्ही हात पाठीमागे नेले होते.

१३ जून, ग्रीनव्हिल

चुना गेला, आता चिकटपट्टी आली. घामाने चुना धुऊन जातो म्हणून गड्याने उजव्या हाताच्या बोटांना पांढरी पट्टी गुंडाळलीय. चुन्याने घाम थांबतो म्हणत होता ना? आता घामाने चुना जातो!

आणि चार-पाच चेंडू झाले की उठून माझ्याकडे चालत येतो. नऊ वर्षांत कधी आला नाही इतक्यांदा या महिन्यात आला. येतो आणि कानाशी म्हणतो, "लॉन, आता वळता. मग जोरात. मग परत वळता." तिन्ही एकदम सांगून जातो. मी म्हटलं, "मग बोटं कशाला दाखवतोस? तुतारीच वाजव." लोकांना वाटतं, म्हाताऱ्याचा धीर सुटला, कॅचर समजूत घालतोय. बघणाऱ्यांना तसं वाटावं हाच बेत असेल.

पट्टी दिसते छान, हे मात्र कबूल. दिवस कलला तरी बोटं मोजता येतात. मला येतात तशी त्यांनाही येत असणार.

२० जून, सेल्मा

आज बॅट घेऊन उभ्या असलेल्या एका पोराच्या डोक्यावरची टोपी माझ्या चेंडूने उडाली. केसाला लागून गेला. पोरगा धुळीत आडवा, त्याची आई तिकडून किंचाळत आली. त्याने डोकं पुढे घातलं होतं, मी पंचाला तसं सांगितलं. पंच म्हणाला, "त्याने काही केलं नाही, प्रुइट. तो उभा होता तिथेच होता." पंचांना काय दिसतं?

होझियाचा चेहरा पार उतरला होता. सामन्यानंतर माझ्यामागे विहिरीवर आला.

"लॉन, एखाद्या मोठ्या गावात पोचलो की डॉक्टरांकडे जाऊन ये. मी येतो बरोबर."

"माझा हात ठणठणीत आहे."

"हाताबद्दल नाही म्हणत मी."

"मग कशाबद्दल? डोकं फिरलंय असं म्हणायचंय?"

"नाही रे बाबा..."

मी बादली तिथेच ठेवून निघून आलो. एकदा माझं नाव डॉक्टरच्या कागदावर चढलं की संपलं. आजारी म्हणून मला बसवायचं आणि माझ्या जागेवर ड्यूइट. नऊ वर्षं मी याला भाऊ म्हटलं. आज रात्री त्याच्यासाठी प्रार्थना केली नाही.

३ जुलै, बसमध्ये

कॅपने गाडी थांबवून सांगितलं: ११ तारखेला, रविवारी, मेम्फिसला शिकागोचा माणूस येतोय. मोठ्या लीगचा.

"कोणाला बघायला?" ड्यूइटने विचारलं.

"ते बोलला नाही, आणि गोऱ्या माणसाला मी दोनदा विचारत नाही. सगळ्यांनी दाढी करायची, पँट धुवायची. बाकी देवाची मर्जी."

सगळे ओरडले, बॅटी आपटल्या. मी ओरडलो नाही. एकोणीस वर्षं थांबलो ते याच दिवसासाठी. या संघात बघण्यासारखं दुसरं आहे कोण? मलाच बघायला येतोय तो.

होझिया खिडकीबाहेर बघत हसत होता. एकटाच.

९ जुलै, मेम्फिस

आज मी एक काम केलं. केलं ते बरोबर केलं. तरी इथे आधी दोन ओळी लिहून खोडल्या.

रविवारी पांढऱ्या बोटांचा कॅचर समोर नको, हे मी पक्कं ठरवलं होतं. पण कॅपला सांगणार काय? होझिया खुणा विकतोय? पुरावा विचारला असता. होझियावर कॅपचा जीव. म्हणून सकाळी कॅप इंजिनात डोकं घालून उभा असताना मी म्हटलं, "कॅप, मी सांगितलं हे कुणाला कळता कामा नये. होझियाचा अंगठा मोडलाय. त्याने बोटांना पट्टी उगाच नाही बांधली. रविवारी खेळला तर हात कायमचा जाईल."

कॅपने डोकं बाहेर काढलं. "माझ्याशी तर काही बोलला नाही."

"कुठला कॅचर बोलतो?"

कॅचरची ही जातच आहे. बोट मोडलं तर दुसऱ्या बोटाला बांधून खेळतील, नख उखडलं तर थुंकून पुसतील, पण बसणार नाहीत. एकदा बसला की जागा गेली. म्हणून कॅचर जितक्या जोराने म्हणतो की काही झालेलं नाही, तितकं झालेलं असतं. कॅप स्वतः बारा वर्षं कॅचर होता.

त्याने होझियाला हाक मारली. मी तिथेच होतो, टायर बघतोय असं दाखवत.

"हात दाखव."

होझियाने दाखवला. कॅपने पट्ट्या सोडल्या. चार बोटं चार दिशांना, अंगठ्याचं नख काळं. पण ते सगळ्याच कॅचरांचं असतं. कॅपने अंगठा दाबला. होझिया हूं की चूं नाही. त्यावरून काय ठरणार? तुटलेला असता तरी तो हूं की चूं करणार नव्हता.

"मला काही झालेलं नाही, कॅप. आईशप्पथ."

"मग पट्टी कशाला?"

होझिया सोडलेली पट्टी बोटांभोवती परत गुंडाळायला लागला.

"अरे, विचारतोय मी! दुखत नाही तर पट्टी कशाला बांधलीस?"

होझियाने एकदा माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं, दोन श्वास होईपर्यंत. मला वाटलं, आता हा बोलणार. खाली बघून म्हणाला, "अशीच."

"अशीच! मला शिकवतोस? रविवारी बूकर झेलेल. तू बाकावर बसशील."

"कॅप, रविवार सोडून कुठल्याही दिवशी बसवा. पाया पडतो तुमच्या. रविवारी नको."

"हात राहिला तर पुढे शंभर रविवार आहेत. जा."

होझियाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी टायरला लाथ मारत राहिलो. निरपराध माणसाने सांगितलं असतं की पट्टी कशाला. एवढा साधा प्रश्न! त्याला सांगता आलं नाही, म्हणजे माझा संशय खरा.

१२ जुलै, मेम्फिस सोडताना

कालचा दिवस लिहायचा नाही असं ठरवलं होतं. पण वर्निसने वही दिली ती कशाला मग.

रविवार. मैदान चर्चमधून थेट आलेल्या माणसांनी भरलेलं, बायका हॅटा घालून, तळलेल्या माशाचा वास. गवती हॅटवाला पहिल्या रांगेत, दोरीपलीकडे गोऱ्यांच्या जागेत. हात माझा मोकळा होता, खांदा ऊबदार. मी मैदानाच्या मधल्या, पिचरच्या उंचवट्यावर चढलो आणि खूण बघायला वाकलो.

कॅचर बसतो त्या प्लेटवर मंडपाची सावली पडलेली. बूकर बसला, हात खाली गेला आणि मला काहीच दिसलं नाही. मांड्या होत्या, त्यांच्यामध्ये नुसता काळोख.

सावली आहे, म्हटलं. मान हलवली आणि जोरात टाकला. बूकरने वळता मागितला होता. चेंडू सरळ त्याच्या गळ्याखालच्या हाडावर बसला. तो उठला, खोकला, परत बसला. पुन्हा वाकलो. पुन्हा काळोख. अंदाजाने वळता टाकला, तो त्याच्या ग्लव्हच्या हातभर बाजूने मागे गेला आणि कुंपणापर्यंत लोळत राहिला. लोक हसायला लागले. लाज, भीती, सगळं एकदम आलं. मी अंदाजाने टाकतोय, हे अख्ख्या मेम्फिसला दिसत असणार असं वाटत होतं.

दुसऱ्या डावात होझिया बाकावरून उठला. पांढरा टॉवेल एकदा खांद्यावर टाकी, एकदा गुडघ्यावर, एकदा डोक्यावर. बूकर आधी त्याच्याकडे बघे, मग बोटं दाखवी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता तर राजरोस त्यांना खुणा! मी खेळ थांबवून ओरडलो, "त्याला खाली बसवा!" होझिया टॉवेल हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग बसला.

तिसऱ्या डावात सहा धावा गेल्या. कॅप आला, माझ्या हातातून चेंडू घेतला. मी दोरीकडे बघितलं. गवती हॅट जागेवर नव्हती.

आज सकाळी कॅपने मला बसच्या पायरीवर बोलावलं. त्याच्या हातात नाव-पत्ता छापलेलं एक कार्ड होतं.

"तो शिकागोवाला काल निघताना मला विचारत होता, तुमचा तो कॅचर कुठाय? पाचशे मैल मी त्याच्यासाठी आलो. मे महिन्यापासून त्याच्यावर नजर ठेवून आहे म्हणाला. मी सांगितलं, अंगठा मोडलाय. तर म्हणतो, फुटक्या हाताचा कॅचर काय करायचाय, दुसरा आहे आमच्या यादीत." कॅपने कार्ड उलटसुलट केलं. "मी पोराचा हात वाचवायला गेलो, लॉन."

"आणि मी? माझ्याबद्दल काय म्हणाला?"

"तुझ्याबद्दल काही बोलला नाही."

१३ जुलै, रस्त्यात

टायर फुटला. कॅप आणि ड्यूइट चाक बदलत होते. मी होझियाला रस्त्यापलीकडे कापसाच्या शेताच्या कडेला घेऊन गेलो. चांगलं लख्ख ऊन होतं. सावलीचा प्रश्न नव्हता. मी वीस-बावीस पावलं मागे गेलो आणि म्हटलं, "पट्टीशिवाय बस. बोटं दाखव."

तो नको म्हणाला. मी ओरडलो तेव्हा बसला.

"किती?" त्याने विचारलं.

मी डोळे ताणले. "दोन."

तो हात तसाच धरून उठला आणि जवळ आला. मग म्हणाला, "मूठ आहे, लॉन."

मी तिथेच मातीत बसलो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मागच्या ऑगस्टपासून तू चुकायला लागलास. मला वाटलं उन्हाने. मग तुला मिस ओलेथाची पायरी दिसेना. चुन्याने काम भागत होतं, पण तो टिकत नव्हता."

"मला का नाही सांगितलंस?"

"डॉक्टरांकडे चल म्हटलं, तर बादली टाकून गेलास. आणि चारचौघांत कसं सांगू? कॅपने त्याच दिवशी तुला घरी पाठवला असता. एका हंगामाचा तर प्रश्न होता. हेलेनाच्या मैदानावर त्या माणसाने मला विचारलं, येशील का शिकागोला? मी म्हटलं, मेम्फिसला या आणि दोघांना बघा. मी एकटा नाही, तो पिचरही बघा. तुला सांगितलं नाही, कारण त्याने नुसतं हूं केलं होतं. उगाच तुला आशा कशाला लावायची."

माझा संशय खरा होता म्हणून मी लिहिलंय, चार पानं मागे. ते पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही. राहू दे.

होझियाने पट्ट्यांचा चुरगळलेला गोळा खिशातून काढला, फेकून दिला आणि म्हणाला, "कॅपच्या डोक्यात अंगठ्याचं कोणी घातलं ते मला कळायला हवं. बूकरच असणार. त्याला खेळायचं होतं ना. बाकावर बसून बसून कुजला होता."

मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. कॅपने हॉर्न वाजवला आणि आम्ही बसकडे गेलो.

१५ जुलै, क्लार्क्सडेल

दोन दिवस होझिया बूकरशी बोललेला नाही. जेवताना बूकरने त्याच्याकडे पाव सरकवला, तर याने ताट उचलून दुसरीकडे नेलं. बूकर माझ्याकडे आला. त्याच्या गळ्याखाली माझ्या चेंडूचा निळा-काळा वळ आहे. "लॉन, मी काय केलं रे त्याचं? तुला काही माहिती आहे?"

मी म्हटलं, "नाही." नुसतं नाही म्हणालो आणि त्याचा पाव खाल्ला. माझ्यासारखा हलकट माणूस मी एकोणीस वर्षांत कुठल्या संघात बघितला नाही.

१६ जुलै, क्लार्क्सडेल

आज दुपारी होझिया बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसला. कॅपने त्याला ते कार्ड दिलंय.

"एक पत्र लिहून दे," म्हणाला. "माझी बोटं लेखणी धरत नाहीत, आणि तुझं इंग्लिश चर्चवाल्यांसारखं आहे. त्या माणसाला लिही की माझा अंगठा धड आहे, कुणीतरी खोटं सांगितलं. परत बघायला या म्हणावं. नाही आला तर मी स्वतःच्या खर्चाने येतो."

"आणि पट्टीचं काय लिहू? तो विचारेल ना."

"ते सोड. काहीतरी लिही. तुझं नाव नको त्यात."

मी कागद गुडघ्यावर घेतला. होझिया शेजारी बसून माझ्या हाताकडे बघत होता, शाळेत बसल्यासारखा. मी मोठ्या अक्षरात लिहिलं, मला स्वतःला दिसेल इतक्या मोठ्या. लिहायला वेळ लागला. मग तो म्हणाला, "वाच."

मी वाचलं:

"महाशय, होझिया टिब्सचा अंगठा मोडलेला नव्हता. मेम्फिसच्या सामन्याआधी तो मोडल्याचं मी, अलोन्झो प्रुइट याने, आमच्या मॅनेजरना खोटं सांगितलं. त्यात बूकर किंवा इतर कुणाचा संबंध नाही. त्याच्या बोटांवरची पांढरी पट्टी माझ्यासाठी होती, कारण मला लांबचं दिसत नाही. मॅनेजरनी पट्टीचं कारण विचारलं तेव्हा मला वाचवण्यासाठी तो गप्प बसला. तुम्ही बघायला आलात तो कॅचर असा आहे. कृपा करून पुन्हा या."

बसमध्ये दुसरं कुणी नव्हतं. बाहेर पोरं चेंडू झेलत होती, त्याचा थप थप आवाज येत होता.

"परत वाच," होझिया म्हणाला.

मी परत वाचलं.

होझियाने कागद माझ्या हातातून घेतला. मी मार खायची तयारी केली होती. खरं म्हणजे त्याने मारावं असंच वाटत होतं. त्याने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. त्या वाकड्या बोटांनी त्याला घडी सरळ घालता येईना.

"माझ्यावर संशय होता तुझा?" त्याने विचारलं. "काय वाटलं होतं तुला?"

मी सांगितलं. चुना, ड्यूइट, गवती हॅट, टॉवेल, सगळं. एकेक सांगताना ते किती पोकळ आहे ते मलाच ऐकू येत होतं. टॉवेलपाशी आलो तेव्हा त्याने डोळे मिटले; तो पांढरा टॉवेलही मलाच खूण दिसावी म्हणून होता.

"नऊ वर्षं," तो म्हणाला.

मग उठला. कागद शर्टाच्या खिशात घातला. "सही केली नाहीस."

मी सही केली.

"आता बूकरकडे मी जातो. त्याची माफी मला मागायची आहे." दाराशी पोचून तो थांबला, पण माझ्याकडे वळला नाही. "उद्याच्या सामन्यात तुझं नाव आहे, लॉन. तुझ्या समोर कुणाचं तरी पोर बॅट घेऊन उभं राहणार. कॅपला डोळ्यांचं तू सांगतोस की मी सांगू?"

"मी सांगतो."

तो उतरून गेला. कॅप गाडीपुढे वाकून रेडिएटरमध्ये पाणी भरत होता. मी टोपी काढून हातात घेतली आणि पायरी पायाने चाचपत खाली उतरलो.